पुरेशी गोळी

शिकागोच्या युनियन स्टॉकयार्ड्समध्ये १९०४ साली दोन माणसं बैलांवर गोळ्या झाडत होती. एक अमेरिकी लष्कराच्या शस्त्रास्त्र खात्यातला जॉन थॉम्प्सन, दुसरा लष्करी डॉक्टर लुई लगार्ड. बैल कत्तलीसाठीच आणलेले होते. हत्यारं नाना जातींची होती: ७.६५ आणि ९ मिलिमीटरची लुगर पिस्तुलं, ०.३८ आणि ०.४५ इंचाची कोल्ट रिव्हॉल्व्हरं, इंग्लंडचं वेब्ली. पहिल्या दिवशी जनावराच्या फुप्फुसातून गोळी घालायची आणि ते कधी कोसळतं याची वाट पाहायची, असा क्रम होता. काही जनावरं कोसळेचनात. त्यांना हातोड्याने संपवावं लागलं आणि अहवालात तशी नोंदही झाली. दुसऱ्या दिवशी पद्धत बदलली. आता वाट पाहायची नाही, जनावर पडेपर्यंत भराभर गोळ्या घालायच्या. जोडीला माणसांची प्रेतंही होती. प्रेत टांगायचं, हाडावर गोळी मारायची आणि लटकता अवयव किती झोका खातो ते नजरेने मोजायचं. त्या झोक्यावरून धक्क्याचा अंदाज बांधायचा.

एवढा खटाटोप एका साध्या प्रश्नासाठी होता. लढाईत कमरेला लावायला सगळ्यात चांगलं पिस्तूल कोणतं? दोघांनी उत्तर दिलं की गोळी ०.४५ इंचापेक्षा लहान नको. नमुना तुटपुंजा होता, पद्धत मध्येच बदलली होती आणि पुराव्याच्या मानाने निष्कर्ष फारच ठाम होता, अशी टीका पुढे अनेकांनी केली. पण लष्कराला जे ऐकायचं होतं ते अहवालाने सांगितलं होतं. त्याच उत्तराच्या मापाने जॉन ब्राउनिंगने पिस्तूल घडवलं. मार्च १९११ मधल्या चाचणीत त्यातून सहा हजार गोळ्या झाडल्या गेल्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. ते एकदाही अडलं नाही. प्रतिस्पर्धी सॅव्हेज सदतीस वेळा अडलं. ब्राउनिंगचं ते ‘एम १९११’ पुढे १९८५ पर्यंत अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल राहिलं.

हत्यारांच्या शौकिनांची गोष्ट इथे संपते. नीतीचा विचार करणाऱ्याचं काम मात्र बैलांपाशीच सुरू होतं. थॉम्प्सन आणि लगार्ड मोजत काय होते? जनावर मरायला किती वेळ लागतो, की थांबायला? दोघांनी थांबणं मोजायचं ठरवलं होतं आणि हाती घेतलं होतं ते मारण्याचं साधन. हा गोंधळ त्यांचा एकट्याचा नव्हता. त्याआधी सहाशे वर्षांहून अधिक काळ धर्मशास्त्राचे पंडित त्याच्याशी झुंजत होते.

तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’त स्वसंरक्षणाचा प्रश्न घेतला. त्याच्या आधी ऑगस्टीनने म्हटलं होतं की खाजगी माणसाने आपला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारणं आपल्याला मान्य नाही. सैनिकाची किंवा राजाच्या अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी. अक्विनासने वाट काढली. एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात, त्यातला एक हेतूत असतो आणि दुसरा हेतूच्या बाहेर. हल्लेखोराला अडवून मी माझा जीव वाचवतो. तो त्यात मेला तर ते मरण माझं उद्दिष्ट नव्हतं. मात्र त्याने अट घातली: बळ गरजेपुरतंच हवं. गरजेपेक्षा जास्त हिंसा केली की ते कृत्य पाप ठरतं. मारण्याचा हेतू धरण्याची मुभा त्याने फक्त लोकहितासाठी लढणाऱ्या सैनिकाला आणि शासनाच्या अधिकाऱ्याला ठेवली.

युक्तिवाद सुबक आहे आणि आजही जगभरातल्या फौजदारी कायद्यांत त्याची छाया दिसते. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ सांगतं की बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क नाही. जुन्या दंडविधानात हेच ९९ वं कलम होतं. कोणत्या प्रसंगी हल्लेखोराचा जीव घेईपर्यंत मजल जाऊ शकते, ते ३८ वं कलम सांगतं. अक्विनासच्या काळी लोक लाठी, तलवार, फार तर धनुष्य घेऊन लढत. लाठीचा तडाखा कमीजास्त करता येतो, तलवारीची सपाट बाजूही वापरता येते. पिस्तुलाची गोष्ट तशी नाही. चाप ओढला की गोळीचा वेग काडतुसातली दारू ठरवते. अक्विनासचं ‘गरजेपुरतं’ पिस्तुलात कुठे बसवायचं, हाच पेच आहे.

शिकागोत बैल उभे करण्याची वेळ का आली, हे पाहिलं की पेच आणखी आवळतो. १८९८ साली फिलिपीन्स स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेलं. दक्षिणेकडच्या मिंदानाओ आणि सुलू बेटांवरच्या मोरो मुसलमानांनी नवा मालकही मानला नाही. त्यांच्यातले काहीजण शपथ घेऊन, अंघोळ करून, पांढरे कपडे नेसून एकट्यानेच धावून येत. स्पॅनिश त्यांना ‘हुरामेंतादो’ म्हणत. परत जायचं नाही हे त्यांनी निघतानाच ठरवलेलं असे. त्या वेळच्या ०.३८ च्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या खाऊनही हा माणूस पोचतो आणि हत्यार चालवूनच पडतो, अशा हकिगती छावण्याछावण्यांतून फिरू लागल्या. जुनी ०.४५ ची रिव्हॉल्व्हरं गोदामातून पुन्हा बाहेर निघाली.

लगार्डने १९१४ च्या आपल्या बंदुकीच्या जखमांवरच्या पुस्तकात एक प्रकरण नोंदवलं आहे, आणि छोट्या गोळीच्या नालायकीचा पुरावा म्हणून ते आजतागायत दिलं जातं. समार बेटावरचा अंतोनियो कास्पी नावाचा कैदी २६ ऑक्टोबर १९०५ रोजी पळू पाहत होता. तो मोरो नव्हता, हे सांगणारे बहुतेक विसरतात. झटापटीत त्याच्यावर अगदी जवळून ०.३८ च्या चार गोळ्या झाडल्या गेल्या. त्यातल्या काही फुप्फुसात शिरल्या. तरी तो आवरेना. शेवटी स्प्रिंगफील्ड कार्बाइनचा दस्ता कपाळावर बसला तेव्हा तो खाली आला. एवढं सांगून लोक थांबतात. लगार्डची नोंद मात्र पुढे जाते: कास्पीवर लष्करी इस्पितळात उपचार झाले आणि महिन्याभरात तो बरा होऊन मुलकी अधिकाऱ्यांच्या हवाली झाला.

म्हणजे कैदी पळाला नाही आणि मेलाही नाही. अक्विनासला हे प्रकरण दाखवलं असतं तर त्याने कपाळावरच्या दस्त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. लष्कराने त्यातून मोठी गोळी हवी असा धडा घेतला. दोघंही आपापल्या जागी चुकीचे नाहीत. ज्या शिपायाच्या अंगावर तो माणूस धावून येत होता त्याच्या हाती दस्ता असेलच, याची हमी कोण देणार?

शिवाय कोणावर गोळी झाडायची आहे याचं चित्र आधी मनात तयार असतं आणि हत्यार त्या चित्राबरहुकूम घडतं. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यात युरोपातल्या राज्यांनी ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्या वापरायच्या नाहीत असं ठरवलं. शत्रूचे सैनिक लढाईतून बाद करणं पुरेसं आहे, त्यांच्या यातना उगाच वाढवायच्या कशाला, असा त्यामागचा विचार होता. मग १८९५ साली चित्रालच्या मोहिमेत इंग्रजांना वाटलं की आपल्या ०.३०३ च्या गोळ्या पठाणांच्या अंगातून आरपार जातात आणि पठाण काही थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीचं टोक उघडं ठेवलं, त्यामुळे ती शरीरात शिरल्यावर पसरू लागली. हीच ती ‘दमदम गोळी’. १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव आला तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे फिरतो, रानटी माणूस मात्र कितीही लागलं तरी धावतच येतो, असा त्यांचा मुद्दा होता. ठराव तरीही झाला. ब्रिटनने तो १९०७ साली मान्य केला. अमेरिकेने अजूनही केलेला नाही.

आर्डांच्या युक्तिवादात वंशाचा माज उघड आहे. जो आपल्या बेटावर घुसलेल्या परक्या फौजेशी लढतोय तो रानटी, आणि जो हजारो मैलांवरून आलाय तो सुसंस्कृत! मार्च १९०६ मध्ये सुलूतल्या बुद दाजो या ज्वालामुखीच्या विवरात आसरा घेतलेल्या शेकडो मोरोंना अमेरिकी सैन्याने मारलं. त्यांत बायका होत्या, पोरं होती. मार्क ट्वेनने त्यावर जहाल लिहिलं. तिथे काम रायफलींनी आणि तोफांनी केलं, आणि थांबवायचं की मारायचं हा प्रश्न कोणालाही पडला नाही.

आपल्याकडेही हत्यारांवरचे निर्बंध जुने आहेत. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाला बजावलंय की लढताना लपवलेली, उलट्या काट्यांची, विषारी किंवा जळत्या टोकाची हत्यारं वापरू नयेत. शरण आलेल्याला, झोपलेल्याला, हत्यार गळालेल्याला मारू नये. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या ग्रंथाचं दहन झालं तोच हा ग्रंथ. शत्रूच्या देहाची एवढी काळजी घेणाऱ्या शास्त्रकाराला गावकुसाबाहेरच्या माणसाची काळजी का घेता आली नाही, याचा जाब विचारणं रास्तच होतं. महाभारतात कुरुक्षेत्रावर नियम आधी ठरले आणि मग एकेक करून मोडले गेले, हे सांगायची गरज नाही.

पण पसरणाऱ्या गोळीच्या बाबतीत एक गाठ अशी आहे की ती नीतिवाल्यांना सहजी सुटत नाही. युद्धात जी गोळी निषिद्ध, तीच जगातल्या अनेक पोलिस दलांची रोजची गोळी आहे. कारण साधं आहे. पोकळ टोकाची गोळी शरीरात पसरते आणि तिथेच थांबते. कवच असलेली गोळी आरपार निघते आणि मागे उभ्या असलेल्या भाजीवाल्याला लागू शकते. शिवाय आरपार गोळीने माणूस थांबला नाही तर दुसरी, तिसरी, चौथी झाडली जाते. दयाळू कोणती? जी एकदाच मोठी जखम करते, की जी चार लहान करते आणि पाचवी शेजारच्याला? हेगला जमलेल्यांनी रणांगण डोळ्यांसमोर ठेवलं होतं, दादर स्टेशनचा पूल नव्हे.

यानंतरचा धक्का १९८६ चा. ११ एप्रिल रोजी मायामीत एफबीआयचे आठ अधिकारी दोन बँक-लुटारूंना भिडले. चकमकीच्या सुरुवातीलाच मायकल प्लॅट या लुटारूच्या दंडातून एक ९ मिलिमीटरची गोळी छातीत शिरली आणि हृदयापासून सुमारे इंचभर अलीकडे थांबली. ती जखम जीवघेणी होती. प्लॅट तिने मेलाही असता, पण काही मिनिटांनी. दरम्यान त्याने दोन अधिकाऱ्यांना ठार केलं आणि इतरांना जखमी केलं. एफबीआयने खापर गोळीवर फोडलं, १० मिलिमीटरची मोठी पिस्तुलं घेतली, मग ०.४० ची, आणि तीसेक वर्षांनी पुन्हा ९ मिलिमीटरवर आली. चक्र पुरं झालं. तोवर गोळ्यांची बनावट बरीच सुधारली होती, हेही खरं.

मायामीनंतर बैलांची जागा जेलीने घेतली. दहा टक्के जिलेटिनचं मिश्रण ठोकळ्यात ओतायचं, चार अंश सेल्सियसला गार करायचं, एका छर्‍याने त्याचा घट्टपणा तपासायचा आणि मग गोळी झाडायची: कधी नुसत्या ठोकळ्यावर, कधी जाड कपड्यांआडून, कधी पत्र्याआडून, प्लायवुडआडून, मोटारीच्या काचेआडून. गोळी निदान बारा इंच आत जायला हवी, अठराच्या पलीकडे नको. पारदर्शक ठोकळ्यात गोळीची वाट गोठून राहते. सुरुवातीला फुगीर, पुढे निमुळती, शेवटी फुलासारखं उमललेलं शिसं. त्या ठोकळ्याला मन नसतं, एवढंच त्याच्यात कमी आहे.

एफबीआयच्याच १९८९ च्या एका अहवालात हे स्पष्ट मांडलेलं आहे. पिस्तुलाची गोळी माणसाला खात्रीने थांबवते ती दोनच प्रकारे: मेंदू किंवा मानेच्या वरच्या भागातला मज्जारज्जू तुटला तर, नाहीतर पुरेसं रक्त वाहून गेलं तर. हृदय पार फाटलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल इतका प्राणवायू उरतो, आणि तेवढ्या वेळात माणूस मनात आणेल ते करू शकतो. यापलीकडे जे थांबतात ते मनाने थांबतात. गोळी लागली हे कळतं, भीती वाटते, हात गळतात. अंगावरची जखम किरकोळ असली तरी माणूस खाली बसतो.

इथे अक्विनासच्या दोन परिणामांचा मेळ बसेनासा होतो. ‘मला फक्त थांबवायचं होतं’ असं म्हणणाऱ्याच्या हातातलं यंत्र थांबवण्याची हमी देतं ती केवळ मारण्याच्या वाटेने. न मारता थांबण्याची वाट समोरच्याच्या मनातून जाते, आणि त्या मनावर कोणत्याही कारखान्याची सत्ता चालत नाही. ०.४५ ची गोळी ज्याच्यासाठी बेतली गेली तो हुरामेंतादो म्हणजे ही मनाची वाट आधीच बंद करून आलेला माणूस. मोठ्या गोळीचा जन्म त्याच्यासाठी झाला, पण ती पुढे ज्यांच्यावर झाडली गेली त्यांतले कितीतरी जण कदाचित नुसत्या आवाजाने थांबले असते. सर्वात हट्टी शत्रूच्या मापाने हत्यार घ्यायचं, हा लष्करी शहाणपणा आहे. त्याच मापाने सगळी माणसं मोजली जातात, तिथे नैतिक घोटाळा सुरू होतो.

जैन विचारात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने ठरवून केलेली हिंसा टाळायची, पण हल्ल्याला तोंड देताना घडणारी विरोधी हिंसा त्याला माफ आहे. अक्विनासशी हे जुळतं, फक्त जैनांना परिणामापेक्षा करणाऱ्याच्या भावाची चौकशी जास्त. गांधीजींनीही या कडेपर्यंत येऊन पाहिलंय. १९२६ साली अहमदाबादेत भटकी कुत्री मारण्यावरून वाद पेटला, तेव्हा ‘यंग इंडिया’त त्यांनी लिहिलं की एखादा माणूस वेड्यासारखा तलवार घेऊन दिसेल त्याला कापत सुटला आणि त्याला जिवंत पकडायला कोणीच धजावत नसेल, तर त्याला ठार करणारा समाजाचा उपकारकर्ता ठरेल. अहिंसेच्या महात्म्याचं हे मत अनेकांना पचत नाही. त्यातली मेख मात्र अटीत आहे. जिवंत पकडायला कोणी पुढे आलं नाही, तरच.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर मात्र जिवंत पकडायला एकजण पुढे आला. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. नाकाबंदीपाशी दहशतवाद्यांची गाडी अडली, त्यांतला अबू इस्माईल चकमकीत मारला गेला आणि त्याचा साथीदार अजमल कसाबच्या एके-४७ ची नळी ओंबळ्यांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या. नळी सुटली नाही. तेवढ्यात इतरांनी कसाबला पकडलं. हल्ला पाकिस्तानातून आल्याचा जिवंत पुरावा त्यातून मिळाला, खटला चालला. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. यावरून पोलिसांना लाठ्याच द्याव्यात असं म्हणणं हा त्यांचा अपमान होईल. पण एवढं नक्की की थांबवणं आणि मारणं यांतला फरक त्या रात्री हत्याराने राखला नाही. तो एका माणसाने स्वतःच्या देहावर राखला.

मग हत्यारातच विवेक भरता येईल का? तसा प्रयत्न झालेला आहे, आणि तोही गंभीरपणे. पडद्यांचे दांडे आणि सुऱ्या बनवणाऱ्या गॅस्टन ग्लॉकने ऑस्ट्रियाच्या लष्करासाठी पिस्तूल केलं, ते १९८२ मध्ये स्वीकारलं गेलं. एम १९११ च्या मॅगझीनमध्ये सात काडतुसं, ग्लॉक १७ मध्ये सतरा. वेगळं सेफ्टीचं बटण नाही. चाप सुमारे अडीच किलोच्या ओढीने सुटतो. न्यूयॉर्क पोलिसांनी ते घेताना चापाची स्प्रिंग बदलून मागितली: ओढ दुपटीहून जास्त, बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. घाबरलेल्या बोटाने नकळत गोळी सुटू नये, ओढणाऱ्याला क्षणभर तरी कळावं की आपण काय करतोय, असा हेतू होता. अक्विनासचं ‘गरजेपुरतं’ एका पोलादी स्प्रिंगमध्ये बसवायचा हा बहुधा आजवरचा सर्वात प्रामाणिक प्रयत्न.

अडचण अशी की चाप जितका जड, तितका ओढताना हात हलतो आणि नेम चुकतो. २००८ साली रँड संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला आणि हलका चाप आजमावून पाहा असं सुचवलं. ते लगेच झालं नाही. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीबाहेर एका खुन्याने पोलिसांवर पिस्तूल रोखलं. दोन पोलिसांनी सोळा गोळ्या झाडल्या. तो मेला. फुटपाथवरचे नऊ वाटसरू जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा उडालेल्या तुकड्यांनी. जड चापाकडे तेव्हा बऱ्याच जाणकारांनी बोट दाखवलं. पोलिस दलाने नव्या भरतीला हलका चाप द्यायला सुरुवात केली ती २०२१ मध्ये.

थॉम्प्सन आणि लगार्ड यांच्या अहवालात मोठ्या कॅलिबरच्या शिफारशीजवळच आणखी एक शिफारस होती, ती क्वचितच कोणी सांगतं. मर्मस्थानी लागल्याशिवाय कोणतीही गोळी खात्रीने थांबवणार नाही, तेव्हा पिस्तूल बाळगणाऱ्या सैनिकांकडून नेमबाजीचा अखंड सराव करून घ्यावा, असं त्या दोघांनी लिहिलं होतं. कॅलिबर लष्कराने सात वर्षांत मंजूर केलं.